घरच्या फोटो-कागदपत्रांसाठी नॅस: खरेदीपासून दुसऱ्या प्रतीपर्यंत

घरात चार माणसं असली तर फोटो निदान आठ ठिकाणी असतात. आईच्या फोनमध्ये, बाबांच्या स्क्रीन गेलेल्या जुन्या फोनमध्ये, लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर, लग्नाच्या फोटोग्राफरने दिलेल्या पेनड्राइव्हवर, कपाटात पडलेल्या डीव्हीडींवर आणि कुणाच्या तरी गूगल खात्यात. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत जागा बंद केली. तेव्हापासून जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट, त्यापुढे पैसे भरत राहायचं. फोटोंबरोबर घराचा करारनामा, सातबाऱ्याचे उतारे, मुलांचे दाखले, आजोबांच्या पेन्शनची कागदपत्रं यांचे स्कॅनही असेच विखुरलेले असतात.

हे सगळं घरातल्या घरात एका जागी आणायचं तर नॅस हा चांगला मार्ग आहे. नॅस म्हणजे हार्ड डिस्क बसवलेला एक छोटा संगणक. त्याला स्क्रीन नसते, कीबोर्ड नसतो. लॅन केबलने तो राउटरला जोडायचा, म्हणजे घरातला प्रत्येक फोन, लॅपटॉप आणि टीव्ही वायफायवरून त्यातल्या फाइल वापरू शकतो.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करून ठेवा. नॅस घेतला म्हणजे बॅकअप झाला, असं होत नाही. आत दोन डिस्क असल्या तरी ती एकच प्रत धरायची. दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरा, त्यासाठी नॅस थोडा साधा घ्यावा लागला तरी चालेल. महागडा नॅस आणि एकच प्रत यापेक्षा साधा नॅस आणि दोन प्रती केव्हाही बऱ्या.

आधी गरज तपासा, मग जागेचा हिशेब करा

घरात एकच माणूस संगणक वापरत असेल आणि सगळा ऐवज एक टीबीच्या आत असेल, तर नॅस घेऊ नका. दोन बाहेरच्या यूएसबी डिस्क घ्या, दोन्हींवर तेच ठेवा, त्यातली एक बहिणीकडे किंवा ऑफिसच्या कपाटात ठेवा. काम झालं. नॅसचा खरा उपयोग तीन-चार माणसांचे फोन आपोआप रिकामे करायचे असतील, सगळ्यांना एकच फोटोसंग्रह बघायचा असेल किंवा घरातलं कुणी व्हिडिओचं, डिझाइनचं, वास्तुरचनेचं काम करत असेल तेव्हा होतो.

जागेचा हिशेब अंदाजाने करू नका. प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओंनी किती जागा घेतली आहे ते कागदावर लिहा. लॅपटॉपचे फोल्डर, पेनड्राइव्ह, जुन्या डिस्क, सगळ्यांची बेरीज करा. जागा खातात ते व्हिडिओ. आयफोनवर फोर-के व्हिडिओ, सेकंदाला ३० फ्रेमच्या नेहमीच्या सेटिंगवर, मिनिटाला साधारण १७० एमबी घेतो. म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनाचं दोन तासांचं चित्रीकरण २० जीबीच्या घरात जातं. आलेल्या बेरजेची तिप्पट करा आणि तेवढी वापरण्याजोगी जागा मिळेल अशा डिस्क घ्या. बहुतेक घरांना चार टीबी पुरते.

पेटी कोणती घ्यावी

नॅसची पेटी आणि डिस्क बहुधा वेगवेगळ्या विकत घ्याव्या लागतात. पेटीत डिस्कसाठी जे खण असतात त्यांना बे म्हणतात. एक बेचा नॅस स्वस्त पडतो, पण डिस्क गेली की नवी आणून बॅकअपमधून सगळं परत भरेपर्यंत काम थांबतं. चार बेचा नॅस व्हिडिओचं काम करणाऱ्यांसाठी ठीक. पहिल्यांदा घेणाऱ्या कुटुंबाने दोन बेचा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या तैवानच्या कंपन्या या क्षेत्रातल्या जुन्या. असस्टोर, टेरामास्टर आणि यूग्रीन हेही पर्याय आहेत. नवख्या माणसाने यंत्राच्या ताकदीपेक्षा सॉफ्टवेअर किती सोपं आहे, फोनवरचं अॅप नीट चालतं का आणि कंपनी सुरक्षेचे अपडेट किती वर्षं देते, याकडे पाहावं. घेण्याआधी त्या मॉडेलला कोणत्या डिस्क चालतात याची यादी कंपनीच्या संकेतस्थळावर वाचा. सिनॉलॉजीने २०२५ च्या काही मॉडेलांत स्वतःच्या डिस्कचा आग्रह धरला होता आणि नंतर तो सैल केला. असे नियम बदलत राहतात, म्हणून खरेदीच्या दिवशीची यादीच खरी.

जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस ही मोफत सॉफ्टवेअर टाकून नॅस बनवता येतो. लिनक्सशी झटापट करायची आवड असेल तर हे मजेचं काम आहे. पण जुना डेस्कटॉप वीज जास्त खातो आणि बिघाड झाला की दुरुस्त करणारे तुम्हीच. घरच्यांचे एकुलते एक फोटो त्यावर ठेवण्याआधी काही महिने नुसतं वापरून पाहा.

डिस्क निवडताना

इथे घाई करू नका. साध्या डेस्कटॉपची डिस्क नॅसमध्ये चालते, पण नॅससाठी बनवलेली डिस्क चोवीस तास फिरण्याच्या आणि शेजारच्या डिस्कच्या कंपनांच्या हिशेबाने बनवलेली असते. सीगेटची आयर्नवुल्फ आणि डब्ल्यूडीची रेड प्लस या दोन मालिका सहज मिळतात.

डिस्कच्या माहितीपत्रकात सीएमआर आणि एसएमआर यांतलं काय लिहिलं आहे ते बघा. सीएमआर डिस्कवर माहितीचे पट्टे शेजारी शेजारी असतात. एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा वाचते, पण एका पट्ट्यावर पुन्हा लिहायचं तर त्याच्यावर चढलेले पट्टेही परत लिहावे लागतात आणि डिस्क फारच मंदावते. खराब डिस्क बदलून नवीन भरताना हा मंदपणा दिवसेंदिवस छळतो. २०२० साली डब्ल्यूडीच्या साध्या रेड मालिकेतल्या दोन ते सहा टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत आणि ते ठळकपणे सांगितलेलं नाही, यावरून मोठा गदारोळ झाला होता. त्यानंतर सीएमआर डिस्कसाठी रेड प्लस हे वेगळं नाव आलं. नॅसमध्ये सीएमआरच टाका.

दोन डिस्क एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतल्या तर एकाच घाण्यातल्या निघण्याची शक्यता असते. शक्य असेल तर एक एका दुकानातून, दुसरी दुसऱ्या दुकानातून घ्या. डिस्क हातात आली की पाकीट फोडण्याआधी तिच्यावरचा सिरीयल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते तपासा. बाहेरून आणलेला माल ऑनलाइन स्वस्तात मिळतो, पण इथे त्याची वॉरंटी लागू नसते.

चार टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसते. दुकानदाराने फसवलेलं नाही. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच फरक.

जागा, हवा आणि वीज

नॅस राउटरच्या जवळ ठेवा आणि लॅन केबलनेच जोडा. केबल कॅट-५ई किंवा कॅट-६ असू द्या. मग राउटरचे लॅन पोर्ट बघा. इंटरनेट कंपनीने दिलेल्या कितीतरी राउटरचे पोर्ट अजून १०० एमबीपीएसचे असतात. त्यावर नॅस सेकंदाला ११-१२ एमबीच्या पुढे जात नाही, म्हणजे एक टीबी भरायला अख्खा दिवस जातो. गिगाबिट पोर्ट असेल तर वेग ११० एमबीच्या आसपास मिळतो आणि तेवढंच काम अडीच-तीन तासांत होतं. राउटर बदलायचा नसेल तर छोटा गिगाबिट स्विच घेऊन नॅस आणि लॅपटॉप दोन्ही त्याला केबलने जोडा.

बंद कपाट, टीव्हीच्या मागची खोबण, पत्र्याखालचा पोटमाळा या जागा टाळा. डिस्कचं तापमान ४५ अंशांच्या खाली राहिलं तर उत्तम, आणि विदर्भातल्या मे महिन्यात त्यासाठी मागच्या पंख्याला मोकळी हवा लागतेच. कोकणात, गोव्यात खारी दमट हवा असते. तिथे नॅस सतत चालू ठेवलेलाच बरा. आतली ऊब दमटपणा धरू देत नाही. लाकडी फळीवर ठेवला तर डिस्कची घरघर फळीतून घुमते. खाली रबराचा जाड तुकडा घाला. झोपण्याच्या खोलीत नको.

विजेचा खर्च बऱ्याच जणांना वाटतो तेवढा नाही. दोन बेचा नॅस डिस्क फिरत असताना साधारण १५ ते २० वॉट घेतो. चोवीस तास चालवला तर महिन्याला ११ ते १५ युनिट होतात. खरी चिंता वीज अचानक जाण्याची. लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइलच काय, डिस्कची सगळी मांडणी बिघडू शकते. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. इन्व्हर्टर वीज बदलायला जो क्षण घेतो, त्यात नॅस बंद पडू शकतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू करा. तरीही बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टर नॅसला कळवू शकत नाही. यूएसबी पोर्ट असलेला छोटा यूपीएस घ्या, त्याची यूएसबी केबल नॅसला लावा आणि नॅसच्या सेटिंगमध्ये यूपीएस चालू करा. मग वीज गेल्यावर काही मिनिटांनी नॅस सगळं नीट आवरून स्वतः बंद होतो. आपल्या नॅसला कोणते यूपीएस ओळखता येतात तेही यादीत पाहून घ्या.

इंटरनेट घरात तांब्याच्या केबलने येत असेल तर वळवाच्या पावसात त्या केबलमधून वीज राउटरपर्यंत आणि तिथून नॅसपर्यंत पोहोचू शकते. फायबरला हा धोका नाही. अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

डिस्क बसवणं आणि पहिली सुरुवात

नॅस बंद असताना पुढचं झाकण काढा. आतून ट्रे बाहेर येतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढा, डिस्क अशी ठेवा की तिची जोडणीची बाजू आतल्या दिशेला जाईल, आणि पट्ट्या परत दाबा. पट्टीवरच्या खुंट्या डिस्कच्या कडेच्या भोकांत बसल्याचं बोटाला कळतं. ट्रे आत सरकवताना शेवटच्या अर्ध्या इंचात थोडा जोर लागतो, मग टक असा आवाज येऊन तो बसतो. अडला तर ठोकू नका. बाहेर काढून पुन्हा सरळ घाला. ट्रे बसवण्याआधी प्रत्येक डिस्कच्या सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे कागदी पट्टीवर लिहून ती ट्रेच्या दर्शनी भागावर चिकटवा. डिस्क बदलायची वेळ येईल तेव्हा ही पट्टी उपयोगी पडते.

नॅस चालू करून लॅपटॉपच्या ब्राउझरमधून त्याच्या पानावर जा. पत्ता सोबतच्या कागदावर असतो. सॉफ्टवेअर बसवायला तो सांगेल, तेव्हा नवीनतम आवृत्ती घ्या. खातं तयार करताना नाव अॅडमिन ठेवू नका, कारण घुसखोरी करणारे प्रोग्रॅम आधी त्याच नावाने दार ठोठावतात. पासवर्ड लांब ठेवा आणि दोन टप्प्यांची पडताळणी लगेच चालू करा.

मग डिस्कची मांडणी विचारली जाते. तिला रेड म्हणतात. डब्ल्यूडीच्या डिस्कच्या नावातल्या रेडशी तिचा संबंध नाही. दोन डिस्क असल्या तर रेड-१ निवडा. त्यात दोन्ही डिस्कवर तंतोतंत तेच लिहिलं जातं. चार-चार टीबीच्या दोन डिस्क असल्या तरी वापरायला चारच मिळतात, आणि एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं. रेड-० चं नाव दिसलं तर दूर राहा. त्यात जागा दुप्पट मिळते आणि एक डिस्क गेली की सगळंच जातं. तीन किंवा जास्त डिस्क असतील तर रेड-५ मध्ये एका डिस्कएवढी जागा सोडून बाकीची वापरता येते. सिनॉलॉजीत एसएचआर हा पर्याय दिसेल. दोन सारख्या डिस्कवर तो रेड-१ सारखाच वागतो आणि पुढे वेगळ्या मापाच्या डिस्क घालणं सोपं करतो.

फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, विचारली आणि बीटीआरएफएस हा पर्याय असला तर तो घ्या. त्यात स्नॅपशॉट काढता येतात, आणि ते किती कामाचे आहेत ते पुढे येईलच. काही स्वस्त मॉडेलांत ही सोय नसते; खरेदीच्या वेळीच बघा.

फोटो भरण्याआधी दोन्ही डिस्कवर स्मार्ट चाचणी (डिस्क स्वतःचीच तपासणी करते ती), तीही लांबवाली, लावा. तिला काही तास लागतात. नव्या डिस्कपैकी एखादी सदोष निघायची असेल तर ती आत्ताच, रिकामी असताना आणि दुकानदार बदलून देईल अशा मुदतीत निघालेली बरी.

पत्ता, माणसं आणि फोल्डर

राउटर वीज गेल्यावर नॅसला नवा पत्ता देऊ शकतो आणि मग लॅपटॉपला नॅस सापडत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा अॅड्रेस रिझर्व्हेशन असतं. तिथे नॅससाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवा.

घरातल्या प्रत्येकासाठी वेगळं खातं करा. सगळ्यांसाठी एकच खातं ठेवलं की कुणी काय पुसलं हे कळत नाही. मुलांना फोटोंचा फोल्डर फक्त बघण्यापुरता द्या. अॅडमिनचे अधिकार असलेलं खातं रोज वापरू नका. तुमच्यासाठीही एक साधं खातं करा. लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला तर तो तुमच्या खात्याला जेवढं पुसता येतं तेवढंच पुसू शकतो.

फोल्डर मोजके ठेवा: फोटो, कागदपत्रं, व्हिडिओ आणि प्रत्येकाचा खासगी. फोटोंच्या आत वर्ष आणि महिना आधी, मग प्रसंग: २०२४-०५ ताईचं लग्न, २०२४-०९ गणपती. असं लिहिलं की क्रम आपोआप लागतो. मराठीत नावं दिली तर काही बिघडत नाही, मात्र आकडे सगळीकडे एकाच लिपीत ठेवा. काही फोल्डरना इंग्रजी आकडे आणि काहींना देवनागरी दिले की यादीत त्यांचे दोन वेगळे गट पडतात आणि २०१९ चे फोटो २०२४ च्या खाली सापडतात.

विंडोजमध्ये धिस पीसी उघडून मॅप नेटवर्क ड्राइव्ह निवडा, नॅसचा पत्ता आणि फोल्डरचं नाव द्या, झेड हे अक्षर द्या. मॅकमध्ये फाइंडरच्या गो मेन्यूत कनेक्ट टू सर्व्हर आहे. पासवर्डाशिवाय उघडणारा पाहुणा-फोल्डर ठेवायचा प्रयत्न करू नका; विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या आवृत्त्या तो उघडू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. एखादा जुना टीव्ही किंवा स्कॅनर चालावा म्हणून एसएमबी-१ ही नेटवर्कवरून फाइली देण्या-घेण्याची जुनी पद्धत चालू करा असा सल्ला मिळाला तर तो मानू नका. मे २०१७ मध्ये जगभर धुमाकूळ घालणारा वॉनाक्राय हा व्हायरस त्याच जुन्या पद्धतीतल्या खिंडारातून पसरला होता.

फोनवर नॅसच्या कंपनीचं फोटोंचं अॅप टाका आणि आपोआप अपलोड फक्त वायफायवर चालू ठेवा. अँड्रॉइडमध्ये त्या अॅपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करावं लागतं, नाहीतर फोन त्याला मध्येच झोपवतो. आयफोनवर अॅप मागे राहून फार काम करू शकत नाही, म्हणून रात्री फोन चार्जिंगला लावताना ते एकदा उघडायची सवय घरच्यांना लावा. आजी-आजोबांच्या फोनची ही जबाबदारी नातवंडांवर द्या, ती आनंदाने करतात.

जुना ऐवज भरताना

कट करून पेस्ट करू नका, नेहमी कॉपी करा. कॉपी झाल्यावर दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण माप जुळतं का पाहा, अधूनमधून चार-पाच व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा. मूळ डिस्क निदान दोन महिने तशीच राहू द्या. पहिली मोठी भरती वायफायवरून न करता केबल लावून करा. जुनी यूएसबी २.० ची डिस्क असेल तर केबल लावूनही एक टीबीला आठ-नऊ तास लागतात; रात्री लावून ठेवा आणि लॅपटॉपची झोप बंद करा.

व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोंबद्दल एक सांगायला हवं. व्हॉट्सअॅप फोटो लहान करतं आणि त्यातली तारीख-ठिकाणाची माहितीही काढून टाकतं. त्यामुळे २०१६ च्या मुंजीचे फोटो ज्या दिवशी आले त्या दिवसाखाली जाऊन बसतात. महत्त्वाच्या प्रसंगाचे फोटो काढणाऱ्याकडून मूळ फाइल मागा, किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

दुसरी प्रत आणि तिसरी

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. रेड-१ एका डिस्कच्या मरणापासून वाचवतं, बस. कुणी चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, फाइल कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडच्या होतात. पेटी चोरीला गेली, विजेने जळाली, पाण्यात गेली तर दोन्ही डिस्क एकत्रच जातात. सांगली-कोल्हापूरने ऑगस्ट २०१९ मध्ये आणि चिपळूणने २२ जुलै २०२१ ला पाहिलं की घरात पाणी शिरतं तेव्हा ते एका खोलीत शिरत नाही. त्याच घरातल्या दुसऱ्या कपाटातली प्रत तेव्हा उपयोगी पडत नाही.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम यावर उत्तम लागू पडतो: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरगुती भाषेत तो असा बसतो.

पहिली प्रत नॅसवर. तिच्यावर रोज स्नॅपशॉट घ्यायला लावा. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी फोल्डर कसा होता याची नोंद. बदललेल्या भागापुरतीच तो जागा घेतो. चुकून पुसलेलं, किंवा लॅपटॉपवरच्या रॅन्समवेअरने बिघडवलेलं, कालच्या स्नॅपशॉटमधून काही मिनिटांत परत येतं. रोजचे १४ आणि आठवड्याचे ८ ठेवले तरी घरगुती वापरात पुरेसं होतं.

दुसरी प्रत बाहेरच्या यूएसबी डिस्कवर. नॅसच्या मागच्या पोर्टला ती लावा, बॅकअपचं अॅप उघडा (सिनॉलॉजीत हायपर बॅकअप, क्यूनॅपमध्ये एचबीएस ३), आणि दर रविवारी बॅकअप होईल असं ठरवा. बॅकअप संपला की डिस्क काढून ठेवा, कारण सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअरलाही दिसते. अशी अॅप बॅकअप बहुधा आपल्या वेगळ्या रचनेत ठेवतात आणि तो उघडायला तेच अॅप लागतं. म्हणून फोटो आणि कागदपत्रं हे दोन फोल्डर मी नेहमी साध्या फाइली म्हणून, लॅपटॉपला थेट वाचता येणाऱ्या एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीच्या डिस्कवरही कॉपी करायला सांगतो. नॅस बंद पडला आणि तो चालवणारं माणूस गावाला गेलेलं असलं, तरी घरातलं कुणीही ती डिस्क लॅपटॉपला लावून विम्याचे कागद काढू शकलं पाहिजे.

तिसरी प्रत घराबाहेर. त्यासाठी दोन यूएसबी डिस्क घ्या. एक घरी, एक दुसऱ्या गावातल्या भावाकडे. गणपतीला आणि मे महिन्यात भेटता तेव्हा अदलाबदल करा. जी बाहेर जाते तिच्यावरचा बॅकअप एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असू द्या आणि त्याची किल्ली कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवा. किल्ली हरवली तर बॅकअप असून नसल्यासारखा. दुसरा मार्ग म्हणजे क्लाउडवर एन्क्रिप्टेड बॅकअप. फोटोंची पहिली भरती अपलोडला आठवडा घेईल, पण नंतर रोजचं थोडंच जातं. सगळं पाठवणं महाग वाटलं तर कागदपत्रं आणि निवडक फोटो तरी पाठवा. मुलगा पुण्यात आणि आईवडील रत्नागिरीत असतील तर दोन घरांत दोन नॅस ठेवून रात्री एकमेकांचा बॅकअप घेता येतो. माझ्या मते हा सगळ्यात समाधानकारक मार्ग आहे, फक्त दोन्हीकडचं इंटरनेट बरं हवं.

बॅकअप लावून झाला की त्याच आठवड्यात परीक्षा घ्या. एक फोल्डर निवडा, तो बॅकअपमधून वेगळ्या ठिकाणी परत आणा, त्यातले फोटो उघडा. मग दर सहा महिन्यांनी हेच करा. कधीच उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही.

घराबाहेरून बघायचं असेल तर

ऑफिसातून एखादा कागद हवा असतो किंवा अमेरिकेतल्या मावशीला बारशाचे फोटो दाखवायचे असतात. त्यासाठी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून नॅस थेट इंटरनेटवर उघडा करा, असं सांगणारे पुष्कळ व्हिडिओ आहेत. तसं करू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅपचे हजारो नॅस कुलूपबंद केले. त्याआधी जून २०२१ मध्ये डब्ल्यूडीच्या माय बुक लाइव्ह या जुन्या यंत्रांतली माहिती दुरूनच पुसली गेली. त्यांचे अपडेट २०१५ पासून बंद होते.

आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती जोडण्यांत कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. याला सीजीनॅट म्हणतात आणि त्यावर पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही. त्यामुळे पुष्कळ जण तासन् तास राउटरशी झगडतात. सोपी आणि सुरक्षित वाट टेलस्केलसारख्या खासगी नेटवर्कची आहे. नॅसवर आणि फोनवर ते अॅप टाका, एकाच खात्याने उघडा, आणि फोन बाहेर असतानाही घरच्या नेटवर्कवर असल्यासारखा वागतो. सीजीनॅटची अडचण येत नाही. सिनॉलॉजीची क्विककनेक्ट सेवाही चालते, मात्र दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तरच वापरा. मावशीला खातं न देता ठरावीक फोल्डरची लिंक द्या, तिच्यावर पासवर्ड आणि मुदत घाला.

नंतरची देखभाल

नॅसला तुमचा ईमेल द्या आणि चाचणीचा मेल येतो का ते पाहा. डिस्क बिघडू लागली, यूपीएस तुटला, बॅकअप झाला नाही, अशा सूचना तिथे येतील. त्या नको असलेल्या मेलमध्ये जात नाहीत ना, हेही बघा. स्मार्ट चाचणी महिन्यातून एकदा आणि डेटा स्क्रबिंग तीन महिन्यांतून एकदा आपोआप होईल असं लावा. स्क्रबिंगमध्ये नॅस दोन्ही डिस्कवरची माहिती वाचून जुळवतो आणि हळूच बिघडलेली फाइल सापडली तर चांगल्या प्रतीवरून दुरुस्त करतो. सॉफ्टवेअरचे अपडेट सुट्टीच्या दिवशी घाला, पण टाळू नका.

हजारो डिस्क वापरणारी बॅकब्लेझ ही कंपनी आपले आकडे नियमित जाहीर करते. त्यांच्याकडे अलीकडच्या वर्षांत दर शंभर डिस्कमागे साधारण दीड डिस्क वर्षाला बंद पडते. म्हणजे पाच-सहा वर्षांत तुमच्यावर ही वेळ येऊ शकते. नॅस बीप वाजवू लागला आणि लॅपटॉपवर उघडलेल्या त्याच्या पानावर डिग्रेडेड (एक डिस्क निकामी) दिसलं तर घाबरू नका, नॅस बंदही करू नका. आधी यूएसबीवरचा बॅकअप ताजा करा. मग त्या पानावरचा बिघडलेल्या डिस्कचा सिरीयल नंबर ट्रेवरच्या पट्टीशी ताडून पाहा आणि तीच डिस्क काढा. चांगली डिस्क चुकून काढली गेली तर दोन्ही जातात. नवी डिस्क तेवढ्याच किंवा जास्त मापाची घाला आणि दुरुस्ती सुरू करा. चार टीबीला बरेच तास लागतात, तोपर्यंत यूपीएस चालू असल्याची खात्री ठेवा.

काढलेल्या डिस्कवर तुमच्या घरातले फोटो आणि कागद अजून असतात, ती बिघडलेली असली तरी. वॉरंटीत बदलून घ्यायची तर ती कंपनीकडे जाते, म्हणून कागदपत्रांचा फोल्डर पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्टेड ठेवलेला असला तर निश्चिंतपणे देता येते. वॉरंटी संपलेली डिस्क चालू असेल तर लॅपटॉपला जोडून पूर्ण पुसून काढा. बंद पडली असेल तर आतल्या चकत्यांना ड्रिलने दोन-तीन भोकं पाडा, आणि मगच ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.